नट घडवण्याच्या पद्धती

अभिनय शिकवता येतो की तो उपजतच असावा लागतो, हा वाद जुना आहे आणि बराचसा निष्फळही. आधुनिक रंगभूमीवर नटाच्या शिक्षणाचा पद्धतशीर विचार सुरू झाला तो एका रोकड्या अडचणीमुळे. नाटक एकदाच करून भागत नाही. तीच वाक्ये, त्याच हालचाली आणि तेच रडणे शंभराव्या प्रयोगालाही पहिल्यासारखे ताजे वाटावे लागते. पहिल्या रात्री जे आपसूक साधले ते पन्नासाव्या रात्री साधेनासे झाले, तर नटाने काय करायचे? विसाव्या शतकातल्या बहुतेक शिक्षणपद्धती फिरून फिरून याच प्रश्नाशी येतात.

त्याआधी नट कंपनीतच तयार होत. मराठी संगीत नाटक मंडळ्यांत मुलगा कोवळ्या वयात दाखल होई आणि तालीममास्तर त्याच्याकडून वाक्य कुठे तोडायचे, कुठे थांबायचे, हात कुठवर न्यायचा हे घोटून घेत. गोविंद बल्लाळ देवल हे अशा तालीममास्तरांतले अग्रगण्य. गणपतराव बोडसांसारखा नट त्यांच्या तालमीत घडला. युरोपातही रीत फारशी वेगळी नव्हती. नायक, खलनायक, विनोदी चाकर असे भूमिकांचे ठसे ठरलेले असत आणि ज्येष्ठ नटाकडे पाहून धाकटा शिकत असे. ही रीत टाकाऊ म्हणता येणार नाही, तिच्यातून थोर नट निघाले. पण इब्सेन आणि चेखव यांची नाटके आली आणि तिच्या मर्यादा उघड्या पडल्या. या नाटकांतली माणसे बोलतात एक आणि त्यांच्या मनात असते भलतेच. त्यांना घोटीव हातवारा पुरेना.

मॉस्कोच्या एका श्रीमंत कारखानदार घराण्यात जन्मलेला कॉन्स्टंटिन स्तानिस्लाव्हस्की (१८६३–१९३८) या पेचात स्वतः सापडला होता. जून १८९७ मध्ये व्लादिमीर नेमिरोविच-दान्चेन्को या नाटककाराशी त्याची एका उपाहारगृहात भेट झाली. दुपारी सुरू झालेले बोलणे अठरा तास चालले आणि पुढच्या वर्षी त्यातून मॉस्को आर्ट थिएटर उभे राहिले. चेखवच्या ‘सीगल’ने या संस्थेचे नाव झाले. नट म्हणून स्तानिस्लाव्हस्कीची गाजलेली भूमिका म्हणजे इब्सेनच्या ‘एनिमी ऑफ द पीपल’मधला डॉक्टर स्टॉकमन. १९०६ च्या उन्हाळ्यात फिनलंडमध्ये विश्रांती घेताना त्याने स्वतःच्या कामाचा हिशेब मांडला, तेव्हा त्याला धक्का बसला. स्टॉकमनची चाल, बोलताना पुढे येणारी दोन बोटे, घाईघाईचे वागणे हे सगळे जागच्या जागी होते. त्यांच्यामागची भावना मात्र कधीच विझून गेली होती. प्रेक्षक टाळ्या देत होते आणि नट सवयीने हलत होता. प्रतिभेच्या येण्याची वाट न पाहता, ती यावी अशी स्थिती नटाला स्वतःच्या प्रयत्नाने तयार करता येईल का, याचा शोध त्याने उरलेले आयुष्यभर घेतला. त्यातून जी ‘सिस्टिम’ तयार झाली ती तो अखेरपर्यंत बदलत राहिला.

तिचा गाभा त्याच्या ‘ॲन ॲक्टर प्रिपेअर्स’ या ग्रंथातल्या एका प्रसंगातून नीट उमगतो. (हा ग्रंथ के. नारायण काळे यांच्या ‘अभिनयसाधना’ या अनुवादामुळे मराठीत परिचित आहे.) तोर्त्सोव्ह नावाचा शिक्षक मारिया या विद्यार्थिनीला एक प्रसंग सांगतो: तिची फी भरायला पैसे नाहीत, मैत्रिणीने मदत म्हणून एक किमती ब्रोच पडद्याला टोचून ठेवला आहे, तो शोधायचा. मारिया धावत रंगमंचावर येते, डोके धरते, पडदा गच्च पकडते, व्याकुळ होते. खाली आल्यावर ती खूश असते, आपले काम छान झाले असे तिला वाटते. शिक्षक विचारतो, ब्रोच कुठे आहे? तो शोधायचा होता हेच ती विसरलेली असते. मग तिला बजावले जाते की ब्रोच सापडला नाही तर शाळा सोडावी लागेल. आता ती पडद्याची एकेक चुणी उलगडून बघू लागते आणि तिची खरी अस्वस्थता पाहणाऱ्यांपर्यंत पोहोचते. भावना दाखवायला जाल तर ती निसटते, एखादे काम कारणासह मनापासून कराल तर ती मागोमाग येते, हे यात दाखवले आहे. पात्र कोणत्या परिस्थितीत आहे, या क्षणी त्याला काय हवे आहे, ते मिळवण्यासाठी ते समोरच्याशी काय करते आणि मधे अडथळा कसला येतो, हे प्रश्न आज जगभरच्या तालमींत विचारले जातात. कित्येकदा ते स्तानिस्लाव्हस्कीचे आहेत हेही विचारणाऱ्याला ठाऊक नसते.

पण त्याच्या शिकवणीचा प्रवास सरळ झाला नाही. सुरुवातीच्या काळात फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो याच्या प्रभावाने त्याने भावनिक स्मृतीवर भर दिला होता: नटाने आपल्या आयुष्यातला जुना अनुभव जागा करायचा आणि ती भावना भूमिकेला द्यायची. पुढे त्याला यातला धोका दिसला. अशी स्मृती लहरी असते, वापरून वापरून झिजते आणि नटाला समोरच्या नटापासून तोडून स्वतःच्याच आत कोंडते. अखेरच्या वर्षांत त्याने क्रम उलटा केला. आधी प्रसंगातल्या साध्या शारीरिक कृतींची साखळी शोधायची, भावना तिच्यामागून येऊ द्यायची. या बदलाची बातमी जगाला उशिरा कळली. त्याच्या अभ्यासक्रमाचा आंतरिक तयारीवरचा भाग इंग्रजीत १९३६ मध्ये निघाला आणि आवाज, शरीर, लय यांवरचा भाग १९४९ मध्ये. मधल्या तेरा वर्षांत इंग्रजी वाचणाऱ्या जगाने अर्ध्यालाच पूर्ण मानले.

अमेरिकेत या शिकवणीचे पडसाद सर्वांत मोठे उमटले. १९२३ च्या सुमारास मॉस्को आर्ट थिएटरचा अमेरिका दौरा झाला. मॉस्कोत घडलेले रिचर्ड बोलेस्लाव्हस्की आणि मारिया उस्पेन्स्काया न्यूयॉर्कमध्ये शिकवू लागले. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी ली स्ट्रासबर्गने हॅरल्ड क्लर्मन आणि शेरिल क्रॉफर्ड यांच्यासोबत १९३१ मध्ये ग्रुप थिएटर काढले. स्ट्रासबर्गचा सारा भर भावनिक स्मृतीवर होता. त्याच्या वर्गात नट भावना थेट आठवत नसे. त्या दिवशी खोलीत उजेड कसा होता, अंगावरचा कपडा कसा लागत होता, वास कसला येत होता, असे इंद्रियांचे तपशील तो एकेक करून जागे करी आणि भावना आपोआप उसळू देई. १९३४ मध्ये याच गटातली स्टेला ॲडलर पॅरिसमध्ये स्तानिस्लाव्हस्कीला भेटली, त्याच्याबरोबर काही आठवडे काम केले आणि निरोप घेऊन आली की गुरूनेच ती वाट मागे टाकली आहे; तो आता कल्पनाशक्ती, दिलेली परिस्थिती आणि कृती यांवर भर देतो. स्ट्रासबर्गला ते पटले नाही. फाटाफूट झाली ती कायमचीच.

१९४७ मध्ये स्थापन झालेल्या ॲक्टर्स स्टुडिओची सूत्रे १९५१ मध्ये स्ट्रासबर्गकडे आली आणि त्याची शिकवण ‘मेथड’ म्हणून दुमदुमली. गंमत अशी की मेथडचा मेरुमणी म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या मार्लन ब्रँडोने आपल्या शिक्षणाचे श्रेय स्टेला ॲडलरला दिले. भूमिकेसाठी महिनोन्‌महिने उपाशी राहणे किंवा सेटवरही पात्राच्याच नावाने वावरणे याला आज सरसकट मेथड म्हणतात, त्याचा तर स्तानिस्लाव्हस्कीशी दूरचाच संबंध आहे. स्ट्रासबर्गच्या पद्धतीवरचा खरा आक्षेप वेगळा आहे. नटाच्या आयुष्यातले दुःख उकरून काढण्याचा अधिकार शिक्षकाला कोणी दिला? मानसोपचाराचे प्रशिक्षण नसलेल्या माणसाच्या हाती हे हत्यार देणे जोखमीचे आहे, असे आता बहुतेक नाट्यविद्यालये मानतात.

ग्रुप थिएटरमधलाच सॅनफर्ड माइस्नर याने तिसरी वाट काढली. त्याच्या वर्गात दोन नट समोरासमोर बसतात. एक म्हणतो, “तुझा शर्ट निळा आहे.” दुसरा म्हणतो, “माझा शर्ट निळा आहे.” हेच पुन्हा पुन्हा चालते. पहिल्यांदा ते पोरखेळ वाटते. पण थोड्या वेळाने एकाच्या आवाजात किंचित वैताग येतो, दुसऱ्याला तो जाणवतो, त्याचे उत्तर बदलते, आणि शब्द तेच राहूनही दोघांमध्ये काहीतरी घडू लागते. नटाचे लक्ष स्वतःवरून उठून समोरच्यावर जावे, हा या सरावाचा उद्देश. एकत्र काम करताना आपल्या वाक्याची वाट पाहत उभे राहण्याची खोड मोडायला याच्याइतका सोपा उपाय नसेल.

शरीरापासून सुरुवात करणारी परंपराही मॉस्कोतच जन्मली, आणि तीही मॉस्को आर्ट थिएटरमधल्याच एका नटाच्या हातून. ‘सीगल’च्या १८९८ च्या प्रयोगात तरुण लेखकाचे काम करणारा व्हसेव्होलोद मेयरहोल्ड पुढे वास्तववादापासून पार दूर गेला. मनात भीती वाटते म्हणून माणूस पळतो, हे त्याने उलटे वाचले: पळू लागला की भीती वाटते. मग नटाने भावनेच्या मागे का लागावे? शरीराची अचूक स्थिती आणि लय साधली की पुढचे आपोआप घडेल. यावरून त्याने ‘बायोमेकॅनिक्स’ नावाचे सराव बसवले. धनुष्यातून बाण सोडणे, थप्पड मारणे, खंजीर खुपसणे असे ते छोटे प्रसंग आहेत. दगड फेकण्याच्या सरावात नट लगेच फेकत नाही. आधी अंग मागे, उलट्या दिशेला खेचले जाते, मग फेक होते आणि शेवटी क्षणभर शरीर त्या स्थितीत थांबते. प्रत्येक कृतीच्या आधी तिच्या उलट हालचाल करायची, हे यातले मुख्य सूत्र. प्रेक्षकाची नजर तिथे ओढली जाते आणि नटालाही पुढच्या क्षणासाठी ताकद मिळते. १९२२ च्या ‘मॅग्नॅनिमस ककोल्ड’ या प्रयोगात हे शिक्षण रंगमंचावर दिसले: चाके, उतार आणि शिड्यांच्या रचनेवर नट कसरतपटूंसारखे वावरत होते.

मेयरहोल्डचा अंत भीषण झाला. १९३८ च्या आरंभी त्याचे थिएटर सरकारने बंद केले. सगळे तोंड फिरवत असताना स्तानिस्लाव्हस्कीने त्याला आपल्या ऑपेरा थिएटरमध्ये घेतले. गुरू गेल्यावर वर्षभरातच मेयरहोल्डला अटक झाली आणि फेब्रुवारी १९४० मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. त्याचे नाव घेणेही धोक्याचे झाले. त्याचे सराव जुन्या नटांच्या अंगात तेवढे शिल्लक राहिले आणि त्यांनी ते पुढे गाजावाजा न करता पुढच्या पिढीला दिले.

फ्रान्समधली वाट स्वतंत्र होती. झाक कोपोने १९१३ मध्ये पॅरिसला व्ह्यू-कोलोंबिए हे नाट्यगृह सुरू केले आणि पुढे त्याला जोडून शाळा काढली. तालमीत एक नटी अवघडून बसली, तेव्हा त्याने तिच्या चेहऱ्यावर रुमाल टाकला आणि तिचे अंग चटकन मोकळे झाले, असे सांगतात. चेहरा झाकला की शरीर बोलू लागते, हे सूत्र झाक लकॉकने पूर्णत्वाला नेले. लकॉक मुळात शारीरिक शिक्षणाचा माणूस. इटलीत आठ वर्षे काढून, पादुआचा शिल्पकार अम्लेतो सार्तोरी याच्याकडून चामड्याचे मुखवटे घडवून घेऊन, त्याने १९५६ मध्ये पॅरिसमध्ये शाळा उघडली. तिथे विद्यार्थ्याला प्रथम मिळतो तो निर्विकार मुखवटा, ज्यावर ना हसू ना दुःख. तो घालून धक्क्यावर उभे राहायचे आणि दूर जाणाऱ्या जहाजावरच्या मित्राला निरोप द्यायचा. बस्स, एवढेच. पण अनावश्यक असे एक पाऊल पडले, खांदा उगाच उचलला गेला, की मुखवटा ते लगेच उघडे पाडतो. नटाला स्वतःच्या लकबी कळतात त्या इथे. याच शाळेतून आरियान म्नूश्किन आणि सायमन मॅकबर्नी यांच्यासारखे दिग्दर्शक बाहेर पडले. कोपोचा पुतण्या मिशेल सँ-दनी याने मात्र शरीर, आवाज, इंप्रोव्हायझेशन आणि संहिता यांचा मेळ घालणारा अभ्यासक्रम लंडनला आणि शेवटी न्यूयॉर्कच्या ज्युलियर्डला नेला. आजच्या नाट्यविद्यालयांचे वेळापत्रक बव्हंशी त्याच्या आखणीवर चालते.

बर्टोल्ट ब्रेख्तने नटशिक्षणाची शाळा काढली नाही, पण तालमीत वापरायच्या काही युक्त्या सांगितल्या. नटाने आपली वाक्ये तृतीयपुरुषात म्हणून पाहावीत, घटना भूतकाळात सांगावी, रंगसूचनाही मोठ्याने वाचाव्यात. म्हणजे तो पात्रात विरघळून जाणार नाही, त्याच्याबद्दल आपले मत घेऊन शेजारी उभा राहील. १९३५ मध्ये मॉस्कोत चिनी नट मेइ लानफांग याचा अभिनय पाहून हा विचार त्याच्या मनात पक्का झाला. तमाशातला सोंगाड्या किंवा दशावतारातला नट पात्रात शिरतो, बाहेर येतो, पुन्हा शिरतो हे पाहिलेल्या मराठी नटाला यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. विजया मेहता यांनी जर्मन दिग्दर्शक फ्रित्झ बेनेविट्झ यांच्यासह ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हे ब्रेख्तच्या नाटकाचे रूपांतर बसवले, तेव्हा लोककलेच्या अंगाने जाणे म्हणूनच सोपे झाले.

पोलंडचा येझी ग्रोतोव्हस्की (१९३३–१९९९) याच्याकडे अभिनयशिक्षण जवळजवळ साधनेच्या टोकाला पोहोचले. नटाला नवी कौशल्ये देण्यापेक्षा त्याच्या आड येणाऱ्या गाठी सोडवायच्या, असे त्याचे म्हणणे. त्याने सुरुवातीला हठयोग वापरून पाहिला. पण आसने नटाला अंतर्मुख करतात, समोरच्याकडे नेत नाहीत, असे लक्षात आल्यावर त्याने ती बदलून, जोडून, गतीत आणून वापरली. त्याचा सहकारी युजेनियो बार्बा १९६३ मध्ये केरळ कलामंडलमला गेला. कथकळीच्या विद्यार्थ्यांचे पहाटेचे सराव आणि डोळ्यांचे व्यायाम पाहून आला आणि त्यांतले काही पोलंडच्या तालमीत शिरले. पुढे बार्बाने स्वतःची ओदिन थिएटर ही संस्था काढली. ‘द कॉन्स्टंट प्रिन्स’मध्ये (१९६५) छळ सोसणाऱ्या राजपुत्राची भूमिका रिशार्द चेश्लाकने केली. पाहणाऱ्यांना हुतात्म्याच्या यातना दिसत होत्या. नटाने ती भूमिका बांधली होती आपल्या कोवळ्या वयातल्या पहिल्या प्रेमाच्या आठवणीवर, आणि ती आठवण त्याने शरीराच्या बारीकसारीक हालचालींत इतकी काटेकोर बसवली होती की ती रोज परत येई. स्तानिस्लाव्हस्कीने टाकून दिलेली स्मृती आणि त्याला शेवटी सापडलेली कृती इथे एकाच नटात भेटतात. मात्र असे काम मूठभर माणसांच्या गटात, वर्षानुवर्षे एकत्र राहूनच होते. नाट्यविद्यालयांनी त्यातले व्यायाम उचलले, बाकीचे उचलणे शक्यच नव्हते.

जपानचा तादाशी सुझुकी १९७६ मध्ये तोक्यो सोडून तोगा या डोंगरातल्या खेड्यात गेला. त्याच्याकडे सगळी सुरुवात पायांपासून होते. संगीताच्या तालावर नट पाय जोरात आपटत फिरतात, वरचे अंग हलू द्यायचे नाही, दम लागू द्यायचा नाही, आणि संगीत थांबताच जमिनीवर कोसळून पुन्हा सावकाश उठायचे. नो आणि काबुकी नटांच्या पावलांतून हे आले आहे.

आवाजाचे शिक्षण मागे पडते, म्हणून त्याची गोष्ट थोडक्यात. ऑस्ट्रेलियाचा काव्यवाचक एफ. एम. अलेक्झांडर याचा आवाज मंचावर बसू लागला. डॉक्टरांना दोष सापडेना तेव्हा तो आरशासमोर उभा राहून बोलू लागला आणि त्याला दिसले की तोंड उघडण्याआधीच आपण मान मागे आवळतो. या निरीक्षणातून शरीराच्या सवयी मोडण्याचे जे तंत्र तयार झाले ते आज बहुतेक इंग्रजी नाट्यविद्यालयांत शिकवले जाते. रॉयल शेक्सपिअर कंपनीत सिसिली बेरी आणि अमेरिकेत क्रिस्टिन लिंकलेटर यांनी सुरेल, घोटीव उच्चाराऐवजी श्वास आणि विचार एकत्र चालण्यावर भर दिला.

भारतात नटशिक्षणाला संस्थेचे रूप आले ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयामुळे. ते १९५९ मध्ये सुरू झाले. मुंबईत थिएटर युनिट चालवणारे, लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये शिकलेले इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ या काळात त्याचे संचालक होते. नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, जागतिक नाटकाचा इतिहास आणि करडी शिस्त यांचे कोंदण त्यांनी अभिनयाला दिले. रोहिणी हट्टंगडी यांच्यासारखे नट त्यातून आले. या शिक्षणाचा साचा पाश्चात्त्य आहे, ही टीका तेव्हापासूनची. तिला सर्वांत ठाम उत्तर मणिपूरहून मिळाले. भाषेच्या अडचणीमुळे दिल्लीतले शिक्षण सोडावे लागलेले हैस्नाम कन्हैयालाल यांनी १९६९ मध्ये इंफाळला कलाक्षेत्र मणिपूर ही संस्था काढली आणि शब्दाऐवजी श्वास, पावले व हुंकार यांवर नट उभा केला. या संस्थेच्या अभिनेत्री सावित्री हैस्नाम यांचे काम पाहिलेल्याला या पद्धतीचे वेगळे समर्थन लागत नाही.

महाराष्ट्रात चित्र मिश्र आहे. अल्काझींच्या तालमीत तयार झालेल्या विजया मेहता यांनी १९६० मध्ये ‘रंगायन’ सुरू केले आणि प्रयोगाइतकेच महत्त्व नटाच्या तयारीला दिले. अल्काझी दिल्लीला गेल्यावर थिएटर युनिट सांभाळणाऱ्या सत्यदेव दुबे यांच्या शिबिरांत वाचिकावर कमालीचा भर असे. वाक्य समजल्याशिवाय उच्चारायचे नाही, हा त्यांचा दंडक. छत्रपती संभाजीनगर, पुणे आणि मुंबई विद्यापीठांत नाट्यशिक्षणाचे विभाग आहेत, गोव्यात कला अकादमीने हे काम केले. तरीही मराठी नटांपैकी पुष्कळ जण आजही एकांकिका स्पर्धांतून येतात, ज्यांत १९६३ पासूनचा पुरुषोत्तम करंडक आघाडीवर आहे. महिना-दोन महिन्यांच्या तालमीत त्यांना वेग, टायमिंग आणि समूहाचे भान मिळते. पण दिग्दर्शकाने बसवून दिलेले झपाट्याने उचलणे हेच तिथले मुख्य कौशल्य असते, म्हणजे जुन्या तालीममास्तरांची रीत नव्या वेषात चालू आहे. व्यावसायिक नाटक मिळाले की पुढची पायरी लागते आणि शंभराव्या प्रयोगाचा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा समोर येतो. दिवसा मालिकेचे चित्रीकरण आणि संध्याकाळी प्रयोग अशा धबडग्यात तीन वर्षांचे शिक्षण कोण घेणार? मग आठ-दहा दिवसांची शिबिरे भरतात. त्यांत इंप्रोव्हायझेशनचे खेळ भरपूर होतात, थोडा स्तानिस्लाव्हस्की, थोडा मुखवटा असतो. आवाजाच्या वाट्याला सकाळची अर्धी घटका येते, कारण त्यातला फरक आठ दिवसांत दिसत नाही, आणि कॉलर माइक आल्यापासून त्याची निकडही फारशी कोणाला वाटेनाशी झाली आहे.